अस्वल उभे का राहते?

हिवाळ्यातील रविवारी कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात पाय ठेवावयास जागा मिळणे कठीण असते. संत्री सोलीत, मुलांचे हात घट्ट धरून, कुटुंबेच्या कुटुंबे वाघाकडून हत्तीकडे आणि हत्तीकडून जिराफाकडे सरकत असतात. अस्वलाच्या आवारापुढे आले की मात्र ही रांग हमखास थबकते. कारण ते काळेभोर, केसाळ जनावर मनात आले की मागच्या दोन पायांवर ताठ उभे राहते. एखादे मूल विचारते, “बाबा, ते उभं का राहिलं?” आणि वडील क्षणाचाही विलंब न लावता सांगतात, “रागावलंय ते! अंगावर धावून यायचं असेल त्याला.”

उत्तर चटकन सुचणारे आहे; परंतु ते चूक आहे. अस्वल उभे राहते ते पाहण्यासाठी आणि त्याहूनही अधिक वास घेण्यासाठी. त्याचे नाक विलक्षण तीक्ष्ण असते. समोरच्या झुडपाआड काय आहे, याचा उलगडा झाला नाही की ते उंच होते, नाक वर करून हवा हुंगते आणि मग काय करावयाचे ते ठरवते. अनोळखी पाहुणा आला असता आपणही टाचा उंचावून खिडकीतून डोकावतो, त्यातलाच हा प्रकार. उभे राहिलेले अस्वल हल्ला करीत नसते; ते प्रश्न विचारीत असते.

प्राणिसंग्रहालयात हे उत्तर चुकले तरी कोणाचे काही बिघडत नाही. रानाच्या कडेला राहणाऱ्या माणसाचे मात्र ते चुकून चालत नाही. कोलकात्याच्या सियालदह स्थानकातून रात्री निघणारी कांचनकन्या एक्स्प्रेस सकाळी उत्तर बंगालच्या दुआर्स प्रदेशात पोहोचते. एका बाजूस चहाचे हिरवे मळे आणि त्यांच्या डोक्यावर नेवरा खोऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानाचे दाट डोंगर, असा हा मुलूख आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये या डोंगरांतून हिमालयी काळे अस्वल खाली मेटेली परिसरातील चहाच्या मळ्यात उतरले. त्याच्या हल्ल्यात एक कोवळा तरुण प्राणास मुकला आणि खवळलेल्या लोकांनी त्या अस्वलासही मारून टाकले. मळ्यात एकाच दिवशी दोन प्रेते पडली. ज्या घरातील मुलगा गेला, त्या घरास शहाणपणाचे धडे देण्याचा अधिकार कोणासही नाही. तथापि पुन्हा असे घडू नये अशी इच्छा असेल, तर या प्राण्याचा स्वभाव जाणून घेण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

अस्वलाविषयी गैरसमज करून घेण्याची परंपरा तशी जुनीच आहे आणि त्यात विद्वानही मागे नाहीत. आपल्या देशात अस्वलाच्या चार जाती आढळतात. त्यांपैकी महाराष्ट्रात, मध्य प्रदेशात आणि दक्षिणेत जी जात दिसते, तिला इंग्रजीत आजही ‘स्लॉथ बेअर’ म्हणतात. स्लॉथ हा दक्षिण अमेरिकेतील, झाडास उलटा लोंबकळणारा सुस्त प्राणी. इ. स. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने आपल्या अस्वलाची लांब, वाकडी नखे आणि वरचे दोन दात नसलेला जबडा यांवरून त्याची गणना या सुस्त प्राण्याच्या कुळात करून टाकली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जिवंत अस्वल युरोपात पोहोचले, तेव्हा ही चूक उमगली. चूक सुधारली, पण ‘आळशी’ हे नाव त्या बिचाऱ्यास कायमचे चिकटले.

याच्या अगदी उलट उदाहरण अलीपूरमध्येच घडले. या प्राणिसंग्रहालयाचे पहिले भारतीय अधीक्षक रामब्रह्म सान्याल यांनी जिवंत प्राण्यांच्या सहवासात वर्षानुवर्षे काढली. कोण काय खातो, केव्हा आजारी पडतो, पिल्लांची काळजी कशी घेतो, याच्या नोंदी करून त्यांनी १८९२ मध्ये बंदिवान प्राण्यांच्या निगेविषयी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. या विषयावरील आरंभीच्या मान्यवर ग्रंथांत त्याची गणना होते. प्राणी ओळखावयाचा तो त्याच्या वागण्यावरून, हा त्या नोंदींचा धडा आहे.

आता हिमालयी काळ्या अस्वलाचे वागणे पाहू. छातीवरील चंद्रकोरीसारखा पांढरा पट्टा ही त्याची खूण. त्याचे दात मांस खाणाऱ्याचे असले, तरी त्याचा आहार मुख्यतः शाकाहारी असतो. ओकची फळे, रानफळे, कोवळे कोंब, मध, मुंग्या आणि किडे यांवर त्याचे पोट भरते; क्वचित गुराढोरांवरही ते हात टाकते. झाडावर चढण्यात ते पटाईत असते. फांद्या मोडून, त्यांतील फळे खाऊन, त्याच फांद्या बुडाखाली दाबून ते झाडावर मचाणासारखी बैठक तयार करते. थंडी तोंडावर आली की त्याची भूक अनावर होते, कारण हिवाळ्यातील टंचाईसाठी अंगावर चरबी साठवावयाची असते. ज्या वर्षी रानात फळ कमी धरते, त्या वर्षी मक्याची शेते आणि वस्तीजवळचा उकिरडा त्यास खुणावू लागतो. कडाक्याच्या थंडीच्या भागात ते गुहेत किंवा झाडाच्या ढोलीत निजून राहते. गर्भार मादी तर तेथेच आपल्या पिल्लांना जन्म देते. पिल्ले बहुधा दोन असतात आणि दोन-तीन वर्षे आईचा पदर सोडीत नाहीत.

असा हा प्राणी माणसाच्या वाटेस जाण्यास मुळीच उत्सुक नसतो. मग तो हल्ला का करतो? बहुतेक वेळा भीतीपोटी. अस्वल भ्याले की जोराने फुसफुसते, जबडा आपटून दातांचा टकटक आवाज करते, पंजा जमिनीवर मारते. कधी कधी चार पावले अंगावर धावून येते आणि मध्येच थांबून परत फिरते. पाहणाऱ्यास हा सारा क्रोधाचा थाट वाटतो. वस्तुतः ‘मला वाट द्या’ एवढाच त्याचा अर्थ असतो. जो माणूस या वेळी दगड मारतो, किंवा जो जमाव चारी बाजूंनी घेरून आरडाओरडा करतो, तो त्या जनावराची पळण्याची वाट बंद करतो. वाट बंद झाली की भ्यालेले अस्वल समोर येईल त्यावर तुटून पडते आणि त्याचे पंजे बहुधा माणसाच्या तोंडावर व डोक्यावर पडतात.

महाराष्ट्रातील अस्वलाची गोष्ट थोडी निराळी आहे. मेळघाट, बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य, चंद्रपूर आणि गडचिरोलीची राने ही त्याची घरे. वाळवी आणि मुंग्या हे त्याचे आवडते खाद्य. वारूळ उकरून ते त्यात तोंड खुपसते, नाकपुड्या मिटून घेते आणि पुढच्या दातांच्या फटीतून वाळवी ओढून घेते. त्या फुंकण्याचा व ओढण्याचा आवाज शंभर मीटरांहून दूर ऐकू जातो. येथेच धोक्याचे मूळ आहे. डोके वारुळात आणि कानांत स्वतःचाच आवाज; त्यामुळे जवळ आलेल्या माणसाची चाहूल त्यास लागत नाही. दृष्टीही फारशी चांगली नसते. मान वर करावी तो माणूस हाताच्या अंतरावर! मग दोघांचीही गाळण उडते. चैत्राच्या सुमारास मोहाची फुले गळू लागतात. ती वेचण्यासाठी भल्या पहाटे बायका टोपल्या घेऊन रानात जातात आणि नेमकी तीच गोड फुले खावयास त्याच वेळी अस्वलही त्याच झाडाखाली येते. एकाच ताटावर दोघांची गाठ पडावी, तसे हे होते. सोबत पिल्ले असली तर मादी अधिकच बिथरते. ती पिल्लांना पाठीवर घेऊन हिंडते, कारण ज्या रानात वाघ आहे तेथे तिला क्षणभरही बेसावध राहता येत नाही. वाघाच्या शेजारी वाढलेल्या या जातीने पळण्याऐवजी आधी अंगावर जाण्याची सवय लावून घेतली असावी, असे अभ्यासकांना वाटते.

उत्तर अमेरिकेतील काळे अस्वल याहून भित्रे असते. धोका दिसला की ते सरळ झाडावर चढते. स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार १९०० ते २००९ या एकशेदहा वर्षांत तेथे या अस्वलांनी मारलेल्या माणसांची संख्या ६३ होती आणि त्यांतील बहुतेक हल्ले पिल्लांच्या आईने नव्हे, तर भक्ष्य शोधणाऱ्या एकट्या नराने केलेले होते. म्हणून तेथे हल्ला झाल्यास प्रतिकार करावा असे सांगतात. हा उपदेश जसाच्या तसा आपल्याकडे उचलणे बरे नव्हे. येथील अस्वल भक्ष्यासाठी नव्हे, तर बहुधा भयाने हल्ला करते.

या ठिकाणी वाचकांना लहानपणीची दोन मित्रांची गोष्ट आठवेल. एक झाडावर चढला, दुसरा मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिला आणि अस्वल त्यास हुंगून निघून गेले. गोष्टीत थोडे तथ्य आहे व थोडा धोका आहे. झाडावर चढणाऱ्या मित्राची खैर नव्हती, कारण अस्वल त्याहून चपळाईने चढते. पळणेही व्यर्थ, कारण ते ताशी चाळीस किलोमीटरांहून अधिक वेगाने धावू शकते. निपचित पडणे मात्र खरोखर उपयोगी पडू शकते. परंतु केव्हा व कसे, हे नीट समजून घ्यावे. अस्वल दूर असेल तर त्याकडे पाठ न फिरवता, हळूहळू मागे सरावे आणि त्यास वाट द्यावी. त्याने प्रत्यक्ष झडप घातलीच, तर पालथे पडावे, तोंड जमिनीकडे करावे आणि दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवून मानेमागे घट्ट धरावीत. ‘हा प्राणी मेला’ असे अस्वलास वाटते म्हणून नव्हे, तर ‘आता यापासून भय नाही’ असे वाटते म्हणून ते बहुधा निघून जाते.

याहून उत्तम उपाय म्हणजे गाठच पडू न देणे. रानात एकट्याने जाऊ नये. बोलत, काठी आपटत जावे. पहाटे व तिन्हीसांजेस दाट झुडपांकडे आणि कपारींकडे फिरकू नये. घराजवळ उष्टे-खरकटे साचू देऊ नये. आणि अस्वल वस्तीत आलेच, तर मोबाईलवर छायाचित्र घेण्यासाठी त्यामागे धावण्याऐवजी मुलांना घरात घ्यावे, वनखात्यास कळवावे व गर्दी पांगवावी. मोकळी ठेवलेली एक वाट शंभर काठ्यांहून अधिक प्राण वाचवते.

आपल्या पूर्वजांनी अस्वलास मूर्ख किंवा दुष्ट मानलेले नाही. रामकथेत समुद्रकिनारी हनुमंतास त्याच्या सामर्थ्याची आठवण करून देणारा वृद्ध, विवेकी जांबुवंत अस्वलच आहे. पुढे आपण त्याच्या नाकात वेसण घालून त्यास दरवेशाच्या डमरूवर नाचविले आणि दृष्ट लागू नये म्हणून त्याचे केस मुलांच्या ताइतात भरले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या प्राण्यास संरक्षण दिले आणि रस्त्यावरील तो खेळ कालांतराने बंद पडला. कायद्याने वेसण सुटली. मनातील गैरसमजाची गाठ सोडविणे आपल्याच हाती आहे.

अलीपूरला उन्हाळ्यात अस्वलांना दहीभात देतात. मुलांना ते पाहून मोठे नवल वाटते. आपल्या ताटातील पदार्थ जो आवडीने खातो, तो आपला शत्रू कसा असेल, असा प्रश्न त्यांच्या डोळ्यांत उमटतो. अशा वेळी एखाद्या मुलाने पुन्हा विचारले, “ते उभं का राहिलं?” तर वडिलांनी सांगावे, “आपण कोण आहोत, ते त्याला समजून घ्यायचंय, बाळ.” हे ऐकून वाढलेले मूल उद्या रानाच्या कडेला अस्वलापुढे आले, तर ते दगड उचलणार नाही, दोन पावले मागे सरेल.