किल्लीची तारीख

कापसाचा हंगाम संपला आणि जिनिंगमधले एक मुनीम आदिलाबादची खोली सोडून पैनगंगेपलीकडे पांढरकवड्याला गेले. घरमालकीण काकू तेव्हा लेकीच्या बाळंतपणासाठी नांदेडला होत्या. मुनीमांनी किल्ली कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात ठेवली, टेम्पो भरला आणि निघाले. काकू परतल्या दोन महिन्यांनी. तेवढा किराया आणि थकलेलं लाईट बिल मागायला त्या आमच्या वकिली ऑफिसात आल्या.

"तो आता महाराष्ट्रात. नदीपलीकडं आपलं काय चालणार?" हा त्यांचा पहिला प्रश्न. याच समजुतीपायी इथले कितीतरी मालक हक्काच्या पैशावर पाणी सोडतात. घर आदिलाबादचं, व्यवहार आदिलाबादचा, म्हणून दावा इथल्याच दिवाणी न्यायालयात लावता येतो. हुकूमनामा झाला की वसुलीसाठी तो पलीकडच्या न्यायालयाकडे पाठवता येतो. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे किराया थकल्यापासून 3 वर्षांच्या आत दावा लावला पाहिजे, एवढंच.

नोटीस गेली. मुनीमांचं उत्तर आलं : किल्ली ठेवली, शिवाय माझा दोन महिन्यांचा अ‍ॅडव्हान्स काकूंकडेच आहे. खरा पेच इथे पडला. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे भाडेपट्टा संपल्यावर घराचा ताबा मालकाला देणं किरायादाराचं काम. महिन्याच्या बोलीवर राहणाऱ्याने, वेगळा करार नसेल तर, 15 दिवसांची नोटीसही द्यायची असते. दुकानातल्या खिळ्याला अडकवलेली किल्ली म्हणजे ताबा धरायचा का? दोन्ही बाजूंना भांडायला भरपूर जागा होती.

काकूंनी पिशवीतून वही काढली. दर महिन्याची नोंद स्वच्छ मराठीत, पण एकाही नोंदीखाली मुनीमांची सही नाही. नुसत्या हिशोबाच्या वहीवर कुणावर देणं बसत नाही. जुन्या पुरावा कायद्यात तसं होतं आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही तसंच आहे. मुनीमांकडे मात्र खोली सोडली त्या महिन्यापर्यंतच्या फोनपेच्या नोंदी होत्या.

प्रकरण दावा न लावता लोकअदालतीत नेलं. तिथे किराणावाल्याने सांगितलं, "किल्ली आली त्याच रात्री मी काकूंना फोन केला होता." काकूंनी मान डोलावली. मग हिशोब सरळ झाला. आगाऊ न कळवल्याबद्दल एक महिन्याचा किराया आणि लाईट बिल अ‍ॅडव्हान्समधून वळतं केलं, उरलेली रक्कम काकूंनी मुनीमांना परत केली. 1987 च्या कायद्याप्रमाणे अशा निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ असतं आणि त्यावर अपील नाही.

ऑफिसात बसून एक गोष्ट मी वारंवार पाहते. माणसं कोर्टात येतात ती दोन-चार हजारांसाठी. तोवर चांगला शेजार तुटलेला असतो. म्हणून घर सोडताना आणि सोडवून घेताना एक कागद करा. मीटरचं रीडिंग, शेवटचा किराया, अ‍ॅडव्हान्समधून काय कापलं, किल्ली कोणत्या तारखेला दिली, हे लिहा आणि खाली दोघांच्या सह्या घ्या. कागद मराठीत असला तरी चालतो. सह्यांशिवाय मात्र किल्ली देऊ नका, घेऊही नका.