फडताळांतील चाकू

घरांतील जुन्या वस्तूंची वांटणी होते, तेव्हां देव्हाऱ्यांतील मूर्ति, तांब्यापितळेचीं भांडीं, पैठण्या व दागिने यांची यादी कोणीतरी आवर्जून करतो. फडताळाच्या कोपऱ्यांत गंजत पडलेला मिटावयाचा चाकू मात्र त्या यादींत कधींच येत नाहीं. वाडा विकला जातो, भाऊ वेगळे होतात, पोथ्या एकाकडे व भांडीं दुसऱ्याकडे जातात. आणि चाकू, अडकित्ते, कात्र्या असें जें किरकोळ लोखंड उरतें, तें मोडीच्या भावानें तागडींत पडतें. या किरकोळ लोखंडाविषयीं आज वाचकांस चार शब्द सांगावे असें आम्हांस वाटतें. कारण त्यासंबंधीं एक चूक आमच्याच हातून घडली आहे.

आमच्या आजोबांचें घर धाराशिव जिल्ह्यांत होतें. हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. गांवचें दप्तर आजोबा मोडींत लिहीत, आणि त्यांची लेखणी म्हणजे बोरू. बोरूस प्रथम तिरपा छेद द्यावयाचा, आंतला भाग खरवडून काढावयाचा, जिभेस मधोमध बारीक चीर पाडावयाची आणि शेवटीं टोंक एकाच घावांत कापावयाचें. टोंक किती रुंद व किती तिरपें, हें ज्याच्या त्याच्या हातावर अवलंबून असे. या कामास पातें आंखूड, पातळ आणि तरीहि ताठ लागतें. अशा चाकूस जुने लोक ‘कलमतराश’ म्हणत. इंग्रजींतील ‘पेननाइफ’ या शब्दाचा जन्महि पिसाची लेखणी तासण्यांतूनच झालेला आहे.

आजोबांचा चाकू शिंगाच्या मुठीचा होता. उजवा अंगठा जेथें टेंके, तेथें शिंग झिजून गुळगुळीत झालें होतें. पातें वर्षानुवर्षें घासून निम्में उरलें होतें व त्याच्या मुळाशीं कांहीं पुसट अक्षरें होतीं. तो चाकू आमच्याकडे आला, तेव्हां आम्हीं मोठ्या उत्साहानें काचकागद घेऊन तें पातें आरशासारखें लखलखीत केलें. घरांतील सर्वांनीं वाहवा केली. महिन्याभरानें एका जाणत्या स्नेह्यांस तो दाखविला. त्यांनीं भिंग लावून पाहिलें आणि एवढेंच विचारलें, “येथील अक्षरें कोठें गेलीं?” तो चाकू विलायतेंतून आला होता, कीं हैदराबादेच्या बाजारांतून, कीं गांवच्याच लोहाराकडून, हें सांगणारें एकच तोंड उरलें होतें, तें आम्हींच बंद केलें.

त्यानंतर मात्र चाकूकडे कसें पाहावें हें आम्हीं शिकून घेतलें. मिटावयाच्या चाकूचा प्राण पात्यांत नसून पाठींत असतो. मुठीच्या पाठींत पोलादाची एक लवचिक कमान बसविलेली असते. पातें खिळीभोंवतीं फिरूं लागलें कीं तें कमानीस उचलतें. पुरें उघडतांच किंवा मिटतांच कमान खटकन् खालीं बसते व पात्यास धरून ठेवते. चांगल्या चाकूंत उघडल्यावर व मिटल्यावर, दोन्ही वेळीं, कमान मुठीच्या पाठीशीं बोट फिरवून कळणार नाहीं इतकी सपाट बसते. पातें मिटलें असतां दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मध्यें राहतें आणि उघडलें असतां डावीउजवीकडे हलत नाहीं. नख अडकविण्याची खांच कोठें आहे, टोंक अणकुचीदार आहे कीं मेंढीच्या खुराप्रमाणें खालीं वळलेलें आहे, हेंहि रसिक पाहतात; कारण चाकू कोणत्या कामासाठीं घडविला हें त्यावरून कळतें.

पाश्चात्य देशांत या कारागिरीचें मोठें कौतुक झालें. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीनें १८२२ सालीं एक चाकू बनविला. त्यास सनाच्या आंकड्याइतकींच, म्हणजे १८२२ पातीं होतीं. त्याचा व्यवहारांत उपयोग शून्य; पण कारागिरांचा अभिमान त्यांत दिसतो. स्वित्झर्लंडांत कार्ल एल्सेनर यानें १८९७ सालीं अधिकाऱ्यांच्या बहुगुणी चाकूचें पेटंट घेतलें. पुढें त्याची आई व्हिक्टोरिया हिच्या नांवावरून ‘व्हिक्टोरिनॉक्स’ हें नांव आलें. फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतांत १८९० च्या सुमारास ओपिनेलनें लांकडी मुठीचा साधा चाकू काढला, तो शेतकऱ्यांच्या खिशांत जाऊन बसला. जपानांतील ‘हिगोनोकामी’ तर याहून साधा. पत्र्याची दुमडलेली मूठ, एक पातें व एक खीळ, कमान मुळींच नाहीं. या साधेपणाचेंहि तेथील रसिकांस अप्रूप वाटतें.

मग आपल्याकडे काय होतें? पोलादाची उणीव खचित नव्हती. त्याच निजाम राज्यांत, आजच्या तेलंगणांतील कोनसमुद्रम् येथें मुशींत तयार होणारें पोलाद इराणी व्यापारी एकोणिसाव्या शतकापर्यंत घेऊन जात. दमास्कसच्या नांवानें गाजलेलीं लहरदार पातीं अशाच हिंदी पोलादाचीं बनत. उत्तरेकडे रामपूरच्या चाकूनें नांव मिळविलें, पण तें पुढें दांडगाईशींच जोडलें गेलें. आमच्या मराठी घरांत मात्र हात फिरला तो चाकूपेक्षां त्याच्या भावंडावर, म्हणजे अडकित्त्यावर. पातें, खीळ व दोन दांड्या एवढेंच त्याचें अंग. पण चंचींतून निघून तो बैठकींत चारचौघांसमोर येई, म्हणून त्यास रूपहि लाभलें. कांहीं घराण्यांत लग्नाच्या वेळीं तो नवरदेवाच्या हातीं असे आणि बाळंतिणीच्या उशाशींहि ठेवीत.

हें रूप ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं पुण्यास शुक्रवार पेठेंतील राजा दिनकर केळकर संग्रहालयांत जावें. ‘अज्ञातवासी’ या नांवानें काव्यरचना करणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं पत्नी कमलाबाईंच्या साह्यानें दिवे, दौती, अडकित्ते अशा नित्याच्या वस्तु गांवोगांव हिंडून जमविल्या. लहानपणीं वारलेल्या राजा या मुलाचें नांव संग्रहास दिलें आणि १९७५ सालीं सर्व संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. तेथें घोड्याच्या, पक्ष्याच्या व स्त्रीपुरुषांच्या युगुलाच्या आकाराचे अडकित्ते पाहतांना, सुपारी कातरण्याच्या हत्यारावर कोणा अनामिक कारागिरानें किती जीव लावला, याचें नवल वाटतें.

पण इतक्या दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. आमच्याच जिल्ह्यांतील तेर हें गांव म्हणजे प्राचीन ‘तगर’; येथील कापड भडोच बंदराकडे जाई असा उल्लेख ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक ग्रंथांत आहे. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनीं गांवच्या मातींतून निघालेल्या मृण्मूर्ति, मणी व हस्तिदंताच्या वस्तु जपून ठेविल्या; त्या संग्रहावर आज त्यांच्या नांवाचें शासकीय संग्रहालय उभें आहे. इतरांस जीं खापरें वाटलीं, त्यांत एका माणसास गांवाचा इतिहास दिसला. वस्तु कोणत्या मातींतून आली हें ठाऊक राहिलें, म्हणूनच तिला मोल आलें.

यावरून आम्हीं घेतलेला बोध वाचकांपुढें ठेवतों. जुना चाकू अथवा अडकित्ता सांपडल्यास त्यास काचकागद, राख किंवा चिंच लावूं नये. मऊ फडक्यास थोडें यंत्राचें तेल लावून वरचा गंज पुसावा. खिळींत एक थेंब सोडून हलकेंच उघडमीट करावी. काळसर झालेलें पोलाद तसेंच राहूं द्यावें. तें वय आहे, मळ नव्हे. चामड्याच्या म्यानांत ठेवूं नये, कारण चामडें ओल धरतें; कोरड्या सुती कापडांत गुंडाळावें. पात्याच्या मुळाशीं अक्षरें असल्यास उजेडांत धरून त्यांचें छायाचित्र घ्यावें. आज तें साधन प्रत्येकाच्या खिशांत आहे. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, घरांतील वृद्ध मंडळी आहेत तोंवर त्यांस विचारून एक चिठ्ठी लिहावी: ही वस्तु कोणाची, कोठून आली, कोणत्या कामास येई. थोरल्या आत्याबाई किंवा आजी यांस जें सहज ठाऊक असतें, तें पुढें कोणत्याहि संग्रहालयास सांगतां येणार नाहीं.

आजोबांचा चाकू आमच्याकडे अद्याप आहे. त्याबरोबरच्या चिठ्ठींत त्यांचें नांव आहे, गांवाचें नांव आहे व बोरूचा उल्लेख आहे. खालीं आणखी एक ओळ आम्हीं लिहून ठेविली आहे: पात्यावर अक्षरें होतीं, तीं आमच्या हातून पुसलीं गेलीं. पुढें ज्याच्या हातीं तो जाईल, त्यानें निदान मुठीवरील अंगठ्याची झीज तरी घासून काढूं नये.