ई-मेल परत येतो तेव्हा

कोयना धरणातून सोडलेले पाणी कराड येथे कृष्णेस मिळते आणि पुढे सांगलीच्या आयर्विन पुलाखालून वाहते. २०१९ व २०२१ च्या महापुरांनी वेळेवर मिळणाऱ्या सूचनेचे मोल सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांना पटवून दिले आहे. अशी सूचना आता दूरध्वनीबरोबर ई-मेलनेही धाडली जाऊ शकते. ती समोरच्या सर्व्हरने नाकारली, तर कारण कसे शोधावे?

यादीचे कार्य

अनाहूत जाहिराती व फसवी पत्रे, म्हणजेच स्पॅम, धाडणाऱ्या संगणकांच्या आयपी क्रमांकांच्या प्रतिबंध-याद्या काही संस्था ठेवतात. १९९८ मध्ये स्थापन झालेली स्पॅमहाउस ही त्यांपैकी एक होय. पत्र येताच सर्व्हर प्रेषकाच्या क्रमांकाचे चार भाग उलट क्रमाने लावतो, त्यापुढे यादीचे नाव जोडतो आणि डीएनएस यंत्रणेकडे विचारणा करतो. ‘अशी नोंद नाही’ असे उत्तर आल्यास प्रेषक यादीत नाही; १२७.०.०.२ यासारखे उत्तर आल्यास तो यादीत आहे, असे समजावे.

गफलत कोठे होते?

१२७ ने आरंभ होणारे प्रत्येक उत्तर दोषाचे निदर्शक नसते. स्पॅमहाउसच्या १२७.२५५.२५५.२५४ या उत्तराचा अर्थ एवढाच, की विचारणा सार्वजनिक डीएनएस सेवेमार्फत आल्याने ती स्वीकारली नाही. हा भेद सर्व्हरला शिकविला नसेल, तर निर्दोष पत्रेही परत जातात. यास्तव सर्व्हरसाठी स्वतःची डीएनएस व्यवस्था असावी. तसेच बंद पडलेल्या याद्यांची नावे काढून टाकावीत. सॉर्ब्स ही जुनी यादी २०२४ मध्ये बंद झाली.

तपासणीची रीत सोपी आहे. १२७.०.०.२ हा चाचणी-क्रमांक यादीत आढळलाच पाहिजे आणि १२७.०.०.१ हा आढळता कामा नये. दोन्ही आढळल्यास दोष प्रेषकाचा नसून विचारणेचा अथवा यादीचा आहे.

नोंद खरी असल्यास

प्रथम बाधित संगणक किंवा चोरीस गेलेला पासवर्ड शोधावा, नंतरच नाव वगळण्याचा अर्ज करावा. अन्यथा नोंद पुन्हा होते.

कार्यालये, शाळा व ग्रामपंचायतींनी नकाराचा संदेश पुसून न टाकता तो जसाच्या तसा तंत्रज्ञाकडे द्यावा. यादीचे नाव व अडविलेला क्रमांक बहुधा त्यातच असतो. तातडीची सूचना असेल, तर ती पोहोचल्याची खात्री दूरध्वनीवरून करून घ्यावी. पुराचे पाणी ई-मेलच्या दुरुस्तीसाठी थांबत नाही.