थंडी येण्याआधी घराची तयारी : कमी पैशात, पण समजून



दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की आमच्या निफाड तालुक्यात वर्गात बसल्या बसल्या थंडी मोजता येते. थर्मामीटर लागत नाही. किती मुलं हात बगलेत घालून बसलीत आणि किती जागा रिकाम्या आहेत, एवढं पाहिलं की पुरतं. महाराष्ट्रात सगळ्यात कमी तापमानाच्या बातम्यांत निफाडचं नाव दरवर्षी असतंच. इथल्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा ५-६ अंशांपर्यंत उतरला तर कोणाला फारसं नवल वाटत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये तर तो २ अंशांच्याही खाली गेला होता. गव्हाला ही थंडी मानवते. पत्र्याच्या खोलीत झोपणाऱ्या माणसाचं काय, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

हा पाठ लिहायचं कारण सांगते. गेल्या जानेवारीत माझ्या तिसरीच्या वर्गातली एक मुलगी सकाळी आली ती डोकं धरूनच. डोळे जड, दोनदा उलटी झाली. म्हटलं, पोट बिघडलं असेल. पण ती म्हणाली, "बाई, घरी आईचं पण डोकं दुखतंय, बारका उठतच नव्हता." मी तसेच आणखी एका सरांना घेऊन घर गाठलं. द्राक्षबागेच्या कडेला दहा बाय बाराची पत्र्याची खोली, कामाला आलेलं कुटुंब. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो जेवणाचा नव्हता. "रात्री खोलीत शेगडी होती का?" होती. घमेल्यात निखारे भरून आत ठेवले होते आणि वारा येऊ नये म्हणून दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं होतं. सगळे बरे झाले, पण एक तास उशीर झाला असता तर मी हे अशा शब्दांत लिहीत नसते.

त्या आईबापांनी निष्काळजीपणा केला, असं मला वाटत नाही. थंडी वाजते तर विस्तव जवळ घ्यायचा, हे माणूस पिढ्यानपिढ्या करत आला आहे. चूक वेगळ्या ठिकाणी होती. घरात उष्णता आणायची घाई झाली, आणि घरात आहे ती उष्णता कुठून निघून जाते हे कोणी पाहिलंच नाही.

उष्णता जाते कुठून?

खोलीत चार माणसं झोपली की त्यांची शरीरं स्वतःच लहान लहान शेगड्या असतात. आपलं शरीर ३७ अंशांच्या आसपास असतं आणि रात्रभर उष्णता बाहेर टाकत असतं. ती खोलीत टिकली तर अर्धं काम झालं. पण पत्र्याच्या घरात ती टिकत नाही. पत्रा धातूचा, त्यातून पातळ. आतली ऊब त्याला लागली की लगेच पलीकडे जाते. शिवाय डिसेंबर-जानेवारीत आपलं आकाश निरभ्र असतं. ढग म्हणजे जमिनीवर टाकलेली गोधडीच समजा. ती नसली की जमिनीची आणि छपराची उष्णता थेट आकाशाकडे निघून जाते. म्हणून ढगाळ रात्र कमी थंड आणि चांदण्यांनी भरलेली रात्र जास्त थंड असते. मुलांनो, हे तुम्ही स्वतः आठ दिवस वहीत लिहून ताडून बघू शकता.

अशा रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो. आपल्या श्वासातली वाफ त्याला लागते आणि पहाटे आतून थेंब टपकू लागतात. "रातीला पाऊस नव्हता तरी वाकळ ओली," असं त्या मुलीची आजी मला म्हणाली, त्याचं कारण हेच. आणि ओली वाकळ ऊब देत नाही, उलट अंगातली काढून घेते.

हे कळलं की काय आधी करायचं ते आपोआप ठरतं. आधी छप्पर.

पत्र्याच्या खाली साधारण वीतभर अंतर सोडून एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चार-पाच तारा किंवा जाड सुतळ्या ताणायच्या. त्यावर धान्याच्या रिकाम्या गोण्या उसवून, एकमेकींना शिवून पसरायच्या. जुन्या साड्या दुहेरी करून टाकल्या तरी चालतात. पत्रा आणि कापड यांच्यामध्ये जी हवा अडकते ती खरं काम करते. स्थिर हवा उष्णतेची दुर्वाहक आहे. गोधडीत जुन्या साड्यांचे थर का घालतात? कापड जाड व्हावं म्हणून नाही फक्त, तर थराथरात हवा धरली जावी म्हणून. आपण छपराला एक गोधडीच शिवतो आहोत.

इथे आमची एक चूक झाली ती सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. पहिल्यांदा नुसत्या गोण्या टाकल्या. तीन दिवसांत पत्र्यावरच्या थेंबांनी त्या भिजल्या आणि मधोमध झोळ पडला. मग गोण्यांच्या वर प्लास्टिकचा कागद टाकला आणि एक बाजू चार बोटं खाली घेतली. आता पाणी उतरून भिंतीकडेला जातं, तिथे खाली डबा ठेवला आहे. गोण्या घेताना खताच्या किंवा औषधांच्या घेऊ नका, कितीही फुकट मिळाल्या तरी. बागेत फवारणीच्या रिकाम्या पिशव्या पडलेल्या असतात, त्या घरात आणायच्याच नाहीत. धान्याच्या किंवा सरकी पेंडीच्या गोण्या धुऊन, वाळवून वापरा. चुलीच्या वर आणि विजेच्या बल्बजवळ हे छत येऊ द्यायचं नाही, तेवढा भाग मोकळा सोडायचा. कापड आहे, पेट घेईल.

दुसरी गोष्ट फटी. थंडीची लाट येते तेव्हा आपल्याकडे उत्तरेकडून वारं वाहतं. त्यामुळे चारही बाजू एकदम बंद करत बसू नका. आधी उत्तरेची बाजू पाहा. उदबत्ती लावा आणि दाराच्या, खिडकीच्या, भिंत-पत्र्याच्या सांध्याजवळ हळूहळू फिरवा. धूर जिथे एकदम वाकडा होतो तिथे फट आहे. मुलांना हे काम द्या, फार आवडीने करतात. (एका मुलाने अख्खा पुडा संपवला, त्याच्या आईची मी माफी मागितली.) बारीक फटींत चिंध्या आणि वरून माती-शेणाचा गिलावा. दाराखाली जुन्या साडीची वळकटी करून, आत वाळू भरून ठेवा, म्हणजे ती सरकत नाही. खिडकीला काच नसेल तर दुहेरी प्लास्टिक, दोन्हींच्या मध्ये बोटभर जागा सोडून.

पण सगळंच बंद करायचं नाही. वरच्या बाजूला, वारं थेट येणार नाही अशा ठिकाणी, हाताचा पंजा जाईल एवढी एक जागा उघडी राहिलीच पाहिजे. घरात चूल किंवा गॅस असेल तर धूर आणि वाफ जायची वाट कधीच बुजवू नका. हे मी दोनदा लिहीन, कारण थंडीत माणूस नेमकी तीच वाट आधी बुजवतो.

तिसरी गोष्ट जमीन, आणि इथे माझं मत थोडं ठाम आहे. बहुतेक घरांत पैसे हातात आले की आठवडे बाजारातून वर घ्यायचं जाड ब्लँकेट येतं. खाली मात्र तीच जुनी सतरंजी. शहाबादी फरशी किंवा कोबा रात्रभर पाठीतून उष्णता ओढून घेतो. अंगाच्या भाराने खालची गोधडी दबते, तिच्यातली हवा निघून जाते, म्हणून खालचा थर वरच्यापेक्षा जाड लागतो. हातात तीनशेच रुपये असतील तर ते अंथरुणावर घाला, पांघरुणावर नंतर. आमच्याकडे उसाचं पाचट आणि गव्हाचं काड फुकट मिळतं. ते कडक उन्हात वाळवून गोणीत भरायचं, तोंड शिवून टाकायचं आणि त्यावर गोधडी. दर रविवारी गोणी बाहेर काढून झटकायची आणि उन्हात घालायची, नाहीतर उंदीर घर करतात, आणि शेतावरच्या घरात उंदराच्या मागे कोण येतं ते सांगायला नको. खाटेवर झोपणाऱ्यांनीही खाली काहीतरी जाड घालावं. सुंभाच्या खाटेला खालून वारं लागतं.

उन्हाचा हिशोब तर अगदी फुकटचा आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. २२ डिसेंबरच्या सुमारास आपल्या भागात भर दुपारीही तो क्षितिजापासून साधारण ४६ अंशांवरच असतो, डोक्यावर येत नाही. म्हणून दक्षिणेच्या दारा-खिडकीतून ऊन खोलीत खोलवर येतं. अकरा ते तीन ती बाजू उघडी ठेवा, फरशी तापू द्या, अंथरुणं उन्हात टाका. चारनंतर, ऊन उतरायच्या आत, सगळं आत घेऊन दार लावा. सहाला उचललेली गोधडी दमट झालेली असते.

आता निखाऱ्यांचं.

कोळसा किंवा लाकूड जळताना हवा पुरेशी मिळाली नाही की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेतं, पण हा वायू त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने घट्ट चिकटतो. मग श्वास चालू असतो, पण शरीराला ऑक्सिजन मिळत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. फसवणूक तिथेच आहे, कारण रात्री झोप आली तर कोणाला शंका येणार? आणि लोकांना वाटतं धूर नाही म्हणजे धोका नाही. उलट लालभडक, धूर न करणारे निखारेच घात करतात. म्हणून शेकोटी अंगणात. शेगडी, घमेलं, कोळशाची इस्त्री, काहीही पेटतं घेऊन बंद खोलीत झोपायचं नाही. घरातल्या दोघा-तिघांचं एकाच वेळी डोकं दुखायला लागलं तर आधी सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत यायचं आणि १०८ ला फोन करायचा. बंद न्हाणीघरातल्या गॅसच्या गिझरलाही हाच नियम.

"मग हिटर घेऊ का?" असं एका पालकांनी विचारलं. आम्ही फळ्यावर गणित मांडलं. १००० वॅटचा हिटर एक तास चालला की १ युनिट. रात्री ८ तास म्हणजे ८ युनिट, ३० दिवसांत २४०. आपल्या बिलावरचा दर बघून गुणाकार तुम्ही करा, आणि युनिट वाढले की वरचा दर लागतो हे विसरू नका. गणित संपेपर्यंत ते पालक हसायला लागले होते.

त्यापेक्षा आपल्या बागायतदारांकडून शिकू. थंडी वाढली की ते पहाटे ठिबकने विहिरीचं पाणी बागेला सोडतात. विहिरीचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा ऊबदार असतं आणि पाणी उष्णता धरून ठेवतं. एक किलो पाणी एक किलो विटेच्या साधारण पाचपट उष्णता साठवतं. घरात हेच करायचं. संध्याकाळच्या स्वयंपाकानंतर चुलीच्या उरलेल्या आचेवर पाणी तापवायचं, रबरी पिशवीत भरायचं, झाकण घट्ट आहे का ते उलटं धरून पाहायचं आणि फडक्यात गुंडाळून पायाशी ठेवायचं. पिशवी नसेल तर झाकणाची स्टीलची बाटली. कोल्ड्रिंकच्या बाटलीत उकळतं पाणी ओतू नका, ती मऊ पडून वाकडी होते आणि पाय भाजतो. तान्ह्या बाळाच्या अंगाला पिशवी लावायची नाही. अंथरूण गरम झालं की काढून घ्यायची.

त्या मुलीच्या खोलीला आम्ही हे सगळं केलं त्याचा खर्च असा : सुतळी आणि तार ९० रुपये, प्लास्टिकचा कागद १४०, रबरी पिशवी १५०. गोण्या आणि पाचट बागेच्या मालकांनी दिलं, शिवणकाम आजीने केलं. एकूण ३८० रुपये आणि एक रविवार. खोली काही गरम झाली नाही, खोटं सांगणार नाही. पण थेंब अंगावर पडायचे थांबले आणि घमेलं अंगणात गेलं. फेब्रुवारीत ती मुलगी दोनच दिवस गैरहजर होती, त्यातला एक दिवस मामाच्या लग्नाचा.

या आठवड्याचा गृहपाठ. सारख्या आकाराच्या तीन स्टीलच्या बाटल्या घ्या. मोठ्या माणसांकडून तिन्हींत सारखंच गरम पाणी भरून घ्या. एक उघडी ठेवा, एक फडक्यात घट्ट गुंडाळा, तिसरी फडक्यात सैल गुंडाळून वरून कागद लावा. एका तासाने हात लावून बघा, कोणती जास्त गरम आहे आणि का वाटतं, ते वहीत लिहा. आणि आज रात्री झोपण्याआधी घरातल्या दारांच्या फटींजवळ एकदा हात फिरवून, उत्तरेकडची कोणती ते शोधून सोमवारी मला सांगा.