कोरडी मोटार कमी वीज ओढते

अहिल्यानगर जिल्ह्यात पारनेर, पाथर्डी, जामखेडकडे उन्हाळ्यात अनेक विहिरी थोड्याच वेळात उपसून संपतात. खाली दख्खनचा काळा पाषाण. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, त्यामुळे पंप ओढतो त्या वेगानं झरे विहीर भरू शकत नाहीत. याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं हे ओळखून शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला. बाकी ठिकाणी मोटार खोल सोडत जाणं चालूच आहे. त्यात शेतीची थ्री-फेज वीज वर्षानुवर्षं आलटून-पालटून रात्रीची. वीज आली की ऑटो-स्विच मोटार सुरू करतो आणि विहिरीवर कुणीच नसतं.

पाणबुडी मोटारीच्या पंपाचे बुश पाण्यानंच ओले राहतात आणि मोटारीच्या अंगावरून वाहणारं पाणीच तिची उष्णता वाहून नेतं. पाण्याची पातळी पंपाच्या जाळीखाली गेली की दोन्ही एकदम थांबतं. पंपात अडकलेलं पाणी घुसळून तापतं, बुश झिजतात, शाफ्ट डगमगतो आणि पुढे वाइंडिंगही जळू शकतं. ऐन मे महिन्यात डाळिंबाला पाणी हवं असताना मोटार वर काढून रिवाइंडिंगला न्यावी लागते.

स्टार्टरमध्ये ओव्हरलोड रिले असूनही हे घडतं, कारण तो करंट वाढला तरच तुटतो. कोरड्या पंपाला पाणी उचलायचं कामच उरत नाही, म्हणून करंट उलट घटतो. रिलेच्या लेखी सगळं ठीक असतं! म्हणून करंट ठरावीक मर्यादेखाली गेला की मोटार बंद करणारं ड्राय रन संरक्षण वेगळं बसवावं लागतं. लहान मोटारीत करंटचा फरक थोडाच पडतो. तिथे पॉवर फॅक्टर मोजणारं यंत्र अधिक भरवशाचं. बोअरमध्ये सोडलेल्या सेन्सरच्या तारांनीही पातळी कळते, पण आपल्या क्षारयुक्त पाण्यात त्यांच्यावर थर चढतो. त्या अधूनमधून साफ कराव्याच लागतात.

सेटिंग मात्र अंदाजानं करू नये. धार भरून येत असताना ॲमीटर वाचावा, पाणी फसफसत तुटक येऊ लागलं की पुन्हा वाचावा आणि मर्यादा या दोहोंच्या मध्ये ठेवावी. बंद झालेली मोटार पुन्हा सुरू होण्याआधीचा वेळही झऱ्यांवरून ठरवावा. प्रत्येक सुरुवातीला मोटार नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. दर दहा मिनिटांनी ती चालू-बंद होत राहिली, तर संरक्षण बसवूनही वाइंडिंग तापेल.