दुकानाची चावी कुणाकडे?

दोस्तांनो, एप्रिल महिना आहे. सकाळची शाळा आहे. दप्तर पाठीला लावून तुम्ही अंगणात येता आणि बघता तर काय, सायकलचं मागचं चाक जमिनीला टेकलेलं! काल संध्याकाळी कन्हानच्या बाजूला फिरायला गेलात, तेव्हा बाभळीचा काटा घुसला असणार. चौकातलं दुकान अजून उघडलेलं नाही आणि शाळा तीन किलोमीटर लांब. आता काय कराल? खरं सांगा हं! निम्मे जण तरी आईला म्हणतील, "आज राहू दे ना गं शाळा!"

तुम्हांला ही गंमत वाटेल, पण सगळ्यांसाठी ती गंमत नसते. राज्यातल्या मागास तालुक्यांमध्ये आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी सरकारी मदत मिळते. कशासाठी? तर गावापासून शाळा लांब, म्हणून कुणाचं शिक्षण सुटू नये यासाठी. पण त्या सायकलची चेन तुटली आणि ती नीट करणारं कुणी जवळ नसलं, तर? सायकल भिंतीला टेकून उभी राहते आणि मुलगीही घरीच राहते. म्हणजे सायकल देणारा जितका मोठा, तितकाच पंक्चर काढणाराही मोठा. पटतंय ना?

सगळ्यांचं दुकान

जगात काही ठिकाणी लोकांनी यावर एक छान तोड काढली आहे. एक खोली घ्यायची. तिथे पाने, पकडी, पंप, सोल्युशन ठेवायचं. ज्यांना दुरुस्ती येते त्यांनी फावल्या वेळात यायचं आणि ज्यांना येत नाही त्यांना शिकवायचं. सायकल तुमची, हातही तुमचेच. काळे झाले तरी चालतील!

अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात २००२ साली असं एक दुकान सुरू झालं, ते चक्क एका इमारतीतल्या स्वयंपाकघरात. म्हणून त्याचं नाव पडलं 'बायसिकल किचन'. बॉस्टन शहरातली 'बाइक्स नॉट बॉम्ब्स' ही संस्था तर १९८४ सालची. निकाराग्वा या युद्धात पोळलेल्या देशाला जुन्या सायकली दुरुस्त करून पाठवायच्या, हे तिचं पहिलं काम. 'बॉम्ब नको, सायकली द्या' असं तिचं नावच सांगतं. तिथे मुलांसाठी एक वर्ग असतो. लोकांनी दिलेली जुनी सायकल मुलं स्वतः खोलतात, छर्रे पुसतात, ग्रीस भरतात, चाकाचा आऊट काढतात, ब्रेकचे रबर बदलतात. सगळं नीट जमलं, की शेवटी ती सायकल त्यांचीच! बक्षीस म्हणून मिळालेली नाही बरं का, कमावलेली!

मग तो दादा यायचा का थांबला?

आता समजा, आपल्या कामठीतल्या एखाद्या शाळेच्या व्हरांड्यात असं दुकान निघालं. पहिल्या रविवारी वीस जण येतील. दुसऱ्या रविवारी बारा. सहा महिन्यांनी? एक दादा आणि एक ताई, बस्स! दोन वर्षं तेच दोघं येतात, तेच कुलूप उघडतात, तेच झाडतात, तेच शिकवतात. मग एका रविवारी दादा येत नाही. पुढच्याही रविवारी नाही. भांडण नाही, तक्रार नाही. फक्त कुणी कधी त्याला म्हटलं नव्हतं, "दादा, तू आहेस म्हणून हे चाललंय!" आणि दादा गेला की पुढे दुकानही जातं.

मग अशा माणसाला द्यायचं तरी काय? पैसे? ढाल? हारतुरे?

थांबा, आधी एका प्रयोगाची गोष्ट ऐका. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका बालवाडीत तो केला आणि १९७३ साली प्रसिद्ध केला. चित्रं काढायची हौस असलेली मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं, "चित्र काढा, म्हणजे सोनेरी शिक्क्याचं प्रमाणपत्र मिळेल." काहींना काहीच न सांगता चित्र झाल्यावर तेच प्रमाणपत्र दिलं. उरलेल्यांना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी पुन्हा रंग मांडून ठेवले आणि गुपचूप पाहिलं. काय दिसलं असेल? ज्यांना आधीपासून बक्षिसाचं आमिष होतं, ती मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती! आधी हौस होती, आता तो जणू सौदा झाला. ज्यांना अचानक बक्षीस मिळालं, त्यांची हौस मात्र तशीच टिकली.

म्हणजे कौतुक वाईट नाही. 'इतकं कर, मग तितकं देतो' हा भाव लावला की गोडी जाते.

मग काय द्यावं?

पहिली गोष्ट म्हणजे पदरमोड होऊ देऊ नये. सोल्युशनची ट्यूब, बसचं भाडं याचा खर्च सेवा करणाऱ्याच्या खिशातून जाता कामा नये. आणि रविवारी सकाळी राबणाऱ्याला गरमागरम तर्री-पोहे नकोत का?

दुसरी गोष्ट, हिशेब ठेवावा. पैशांचा नाही, तासांचा. कॉलेजातली ताई राष्ट्रीय सेवा योजनेत असेल तर तिला विचारा. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झालेल्या या योजनेत विद्यार्थी दोन वर्षांत २४० तास सेवा करतात आणि त्याची नोंद ठेवतात. त्यांच्या बिल्ल्यावर काय असतं, ठाऊक आहे? कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक! सायकलवाल्यांना शोभेल असाच बिल्ला, नाही का?

तिसरी आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे विश्वास. जो टिकला त्याच्या हाती दुकानाची चावी द्या. नव्या मुलांना शिकवायचं काम द्या. कोणतं हत्यार आणायचं, दुकान कधी उघडायचं, हे त्याला विचारून ठरवा. आपल्या कामठीत एनसीसीची अधिकारी प्रशिक्षण अकादमी आहे. देशभरातले शाळा-कॉलेजांतले शिक्षक तिथे शिकायला येतात. खांद्यावरचं पद वाढतं, तशी त्यांची जबाबदारीही वाढते. मान आणि जबाबदारी अशी जोडीनंच येते.

आणि हो, एक गोष्ट विसरू नका. चौकातले दुकानवाले चाचा हे काही फावल्या वेळात काम करत नाहीत. त्यांचं घर त्यावर चालतं. त्यांना फुकट राबवायचं नाही. त्यांना गुरुजी म्हणून बोलवा, शिकवण्याचे पैसे द्या आणि मोठी कामं त्यांच्याकडेच पाठवा.

कामठीला हे नवं नाही

याच गावात १९०४ साली बाबू हरदास यांचा जन्म झाला. त्यांनी विडी कामगारांची संघटना बांधली. दिवसभर राबणाऱ्यांना शिकता यावं म्हणून १९२७ च्या सुमारास कामठीत रात्रशाळा काढल्या. १९३९ साली, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी ते गेले. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. आज ते शब्द लाखो लोकांच्या ओठांवर आहेत. कोणत्या कपाटात मावेल हो एवढी मोठी ढाल?

करून पाहा

या रविवारी तुमच्या सायकलचं एक पंक्चर स्वतः काढा. टायर सोडवा, ट्यूब बाहेर काढा, हवा भरून पाण्याच्या टोपल्यात बुडवा. बुडबुडे येतील तिथे खूण करा. ट्यूब कोरडी करा, हवा सोडा, काचपेपरनं घासा. सोल्युशन लावून थोडं वाळू द्या आणि मगच ठिगळ दाबा. घाई केलीत तर ठिगळ निघणार! टायर बसवण्याआधी आतून जपून हात फिरवा. काटा तिथेच असला तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!

जमलं? मग शेजारच्या छोट्याला शिकवा. आणि तुम्हांला ज्यांनी शिकवलं, मग ते बाबा असोत, ताई असो की चाचा, त्यांना आजच जाऊन सांगा, "तुम्ही शिकवलंत म्हणून जमलं." आई-बाबांनो, हे वाक्य घरात तुम्हीही म्हणून बघा हं. त्याला पैसे पडत नाहीत!