मातीत सांडलेले तेल

घाण्याजवळच्या मातीत शेंगदाण्याचे तेल सांडले, की तिथल्या जिवाणूंची पंगत बसते. लायपेज नावाच्या विकराने ते आधी तेलाचा रेणू फोडतात; ग्लिसरॉल वेगळे होते आणि मेदाम्लांच्या लांब साखळ्या सुट्या होतात. पुढचे काम उसाची कांडी तोडावी तसे. प्रत्येक फेरीत टोकाचे दोन कार्बन छाटायचे. 18 कार्बनच्या स्टिअरिक आम्लाला 8 छाट पुरतात, तुकडे पडतात 9. ही दोन-दोनची रीत फ्रांत्स क्नूप यांनी 1904 मध्ये ओळखली, तीही कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून! म्हणजे आपले यकृत आणि शेतातले ढेकूळ, कारागिरी एकच.

पण मेदाम्ले केवळ खाण्यापुरती नसतात. मातीतल्या स्यूडोमोनास पुटिडा या जिवाणूचे आवरणही त्यांचेच बनलेले असते. टोल्युइनसारखे विषारी रसायन जवळ आले, की तो या साखळ्यांतल्या दुहेरी बंधाचा बाक काढतो. बाकदार ‘सिस’ची सरळ ‘ट्रान्स’ करतो. (वनस्पती तुपामुळे बदनाम झालेले तेच ‘ट्रान्स’.) सरळ झालेल्या साखळ्या दाटीने बसतात आणि आवरण घट्ट होते. नवे मेदाम्ल घडवत बसावे लागत नाही. आहे तेच फिरवायचे असल्याने परिणाम काही मिनिटांतच दिसू लागतो.